'पर्सुएशन': अ‍ॅनने लेडी रसेलचं ऐकलं ते बरोबर होतं का?

मोगरा७१

गेल्या आठवड्यात जेन ऑस्टिनची 'पर्सुएशन' तिसऱ्यांदा वाचून संपवली. पहिल्यांदा वाचली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. कॉलेजच्या लायब्ररीतली, पुठ्ठा निघालेली प्रत होती. दुसऱ्यांदा तिशीत. आता माझी लेक एकोणीसची आहे आणि या खेपेला मी चक्क लेडी रसेलच्या बाजूने वाचत होते. स्वतःचाच राग आला.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात (शेवट फुटणार आहे, पण पुस्तक दोनशे वर्षं जुनं आहे, आता काय लपवायचं). अ‍ॅन एलियट ही सर वॉल्टर या कर्जबाजारी, आरसेवेड्या सरदाराची मधली मुलगी. आई ती चौदा वर्षांची असतानाच गेली. एकोणिसाव्या वर्षी फ्रेडरिक वेंटवर्थ या नौदलातल्या तरुण अधिकाऱ्याशी तिचं जमतं. त्याच्याकडे ना पैसा, ना वशिला. आईच्या जागी असलेली लेडी रसेल तिचं मन वळवते आणि अ‍ॅन लग्न मोडते. आठ वर्षांनी तो कप्तान होऊन, श्रीमंत होऊन परत येतो. अ‍ॅन सत्तावीसची, कोमेजलेली, घरात कुणी न विचारणारी. तो इतरांपाशी म्हणतो, ही इतकी बदललीये की मी ओळखलंच नसतं. आणि तिची धाकटी बहीण ते वाक्य इमानेइतबारे तिच्या कानावर घालते.

पुढे सगळं गोड होतं. पण शेवटी अ‍ॅन त्याला जे सांगते ते माझ्या घशात अडकलंय. ती म्हणते, लेडी रसेलचा सल्ला चुकला, पण मी तो मानला ते बरोबरच केलं. नसता मानला तर मनाला टोचणी लागून राहिली असती.

तुम्हाला पटतं हे?

डोंबिवलीकर

रुमाल टाकून ठेवतो. पुस्तक वाचलेलं नाही, वाचणारही नाही. इंग्रज बायकांचे चहाचे कप आणि टोप्या. पण भांडण होणार असेल तर आहे मी.

शब्दवेडी

अजिबात पटत नाही. ही अ‍ॅनची नाही, लेखिकेची सारवासारव आहे. आठ वर्षं आयुष्य करपलं, आणि वर 'माझं बरोबरच होतं'? आपल्याकडे याला भीड म्हणतात. भीड भिकेची बहीण. मराठीत या कादंबरीचं नाव 'भिडेखातर' ठेवलं पाहिजे.

खलाशीकाका

शब्दवेडीताई, नाव झकास आहे, पण जरा समुद्राच्या बाजूने बघा. मी मर्चंट नेव्हीत तीस वर्षं काढली, म्हणून या पुस्तकात मला बायकांच्या टोप्या दिसतच नाहीत, जहाजं दिसतात.

वेंटवर्थला बढती मिळते ती फेब्रुवारी १८०६च्या सांतो डोमिंगोच्या लढाईमुळे. ही लढाई खरी आहे. जेनचा भाऊ फ्रान्सिस 'कॅनोपस' जहाजाचा कप्तान म्हणून तिथे हजर होता. (बिचाऱ्याची ट्रॅफल्गरची गाजलेली लढाई हुकली. रसद आणि पाणी भरायला त्याला जिब्राल्टरकडे पाठवलं होतं.) धाकटा भाऊ चार्ल्सही नौदलात. म्हणजे बाईंनी हे ऐकीव लिहिलेलं नाही, घरातल्या पत्रांमधून आलंय.

बढती मिळाली तरी हातात जहाज नाही, म्हणून हा किनाऱ्यावर रिकामा बसलेला. त्याच उन्हाळ्यात हे प्रेम. पुढे मिळतं ते 'अ‍ॅस्प', जुनाट, मोडकळीला आलेलं. तो स्वतःच हसत सांगतो: बंदरात शिरलो आणि लगेच वादळ झालं. आणखी एक दिवस समुद्रावर असतो तर वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात चार ओळी आल्या असत्या, त्याही कुणी वाचल्या नसत्या. हे ऐकताना अ‍ॅनच्या अंगावर काटा येतो. आता सांगा, लेडी रसेल काय खोटं बोलली होती? त्या पोराच्या मागे फक्त तो स्वतःच होता.

उनाड पाखरू

काका, मग एवढा पैसा आला कुठून? पंचवीस हजार पौंड म्हणजे त्या काळी प्रचंड ना?

खलाशीकाका

प्रचंडच. शत्रूचं जहाज धरलं की त्याची किंमत ठरायची आणि धरणाऱ्यांत वाटली जायची. सुरुवातीला कप्तानाचा हिस्सा आठातले तीन, त्यातला एक त्याच्या वरच्या अ‍ॅडमिरलला. १८०८ साली नियम बदलून कप्तानाचा कमी केला आणि खलाशांचा वाढवला. म्हणजे वेंटवर्थचा पैसा हा धाडस अधिक नशीब. लॉटरीच, पण तोफांसमोर उभं राहून काढलेली.

अवांतर: त्याच काळात ब्रिटिश नौदलाची काही जहाजं आपल्या मुंबईच्या गोदीत, वाडियांच्या हाताखाली, सागवानात बांधली जात होती. 'ट्रिंकोमाली' १२ ऑक्टोबर १८१७ला मुंबईत पाण्यात उतरलं. ते आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय. मी बघून आलोय. सागवानावर हात ठेवला आणि गप्प उभा राहिलो.

उनाड पाखरू

ऑक्टोबर १८१७! आणि 'पर्सुएशन' डिसेंबर १८१७मध्ये बाजारात आली (मुखपृष्ठावर १८१८ छापलंय). ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई, १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर युनियन जॅक. म्हणजे लंडनमध्ये बायका वेंटवर्थने अ‍ॅनला शेवटी लिहिलेलं पत्र वाचून रडत होत्या तेव्हा बाजीराव पळत होता.

वऱ्हाडी ठेचा

बाप्पा! धागा प्रेमाचा होता ना? पेशवाई काहून बुडवली मधातच?

गुळांबा

😂 ठेचाभाऊ, हे होणारच. या संस्थळावर पुरणपोळीच्या धाग्यावरही पानिपत होतं.

सर वॉल्टरबद्दल कुणीच कसं बोलत नाहीये? पुस्तकाचं पहिलं वाक्यच त्याच्यावर आहे. तो करमणुकीसाठी एकच पुस्तक वाचतो, सरदार घराण्यांची वंशावळ, आणि त्यातही स्वतःच्याच घराण्याचं पान. आमच्या मोठ्या काकांकडे कुलवृत्तान्ताची प्रत आहे. टेबलावर ठेवली की आपोआप त्यांच्याच पानावर उघडते. मी पहिलं प्रकरण वाचलं आणि मोठ्याने हसले.

कर्जामुळे घर भाड्याने द्यावं लागतं. भाडेकरू अ‍ॅडमिरल क्रॉफ्ट राहायला येतो आणि सर वॉल्टरच्या खोलीतले मोठाले आरसे आधी बाहेर काढतो. म्हणतो, स्वतःपासून सुटकाच नव्हती. एवढ्या एका गोष्टीवर मी त्याच्यावर फिदा.

रेवा

बरेच दिवस वाचनमात्र होते. आज लिहिते.

१९९६. तो आमच्याच कॉलेजातला, दोन वर्षं पुढे. घरची परिस्थिती बेताची, पाठीवर दोन बहिणी लग्नाच्या, वडिलांची गिरणी बंद पडलेली. माझ्या आईबाबांना मी सांगितलंच नव्हतं, आत्याला सांगितलं. आत्या ओरडली नाही, रागावली नाही. ओट्यापाशी उभी राहून मेथी निवडत म्हणाली, "मुलगा चांगला आहे गं. पण तू दहा वर्षं त्याच्या घराचं ओझं वाहशील आणि मग तुला त्याचाच राग यायला लागेल." बस. एवढंच. मी चार दिवसांनी त्याला नाही म्हणाले.

लेडी रसेल वाचताना मला मेथीचा वास येतो.

२०१४मध्ये एका लग्नात दिसला. केस गेलेले. बायको छान होती, बोलकी. पंगतीत माझ्यासमोर चहा आला तेव्हा तो पलीकडून म्हणाला, "बिनसाखरेचा आणा त्यांना." त्यांना म्हणाला. अठरा वर्षांनी.

माझा संसार चांगला आहे, तक्रार नाही. पण मोगरा, तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर अ‍ॅनच्या नेमकं उलटं आहे. ती म्हणते सल्ला चुकीचा, ऐकलं ते बरोबर. माझ्या बाबतीत सल्ला शंभर टक्के बरोबर होता (त्याने खरंच दहा वर्षं ओझी वाहिली). मी ऐकलं ते चूक.

वऱ्हाडी ठेचा

रेवाताई… काही नाही. वाचलं.

मोगरा७१

रेवा, "त्यांना". 🙏

शब्दवेडी

रेवा, तुझा प्रतिसाद वाचून माझा मुद्दा मवाळ करावासा वाटतोय, पण करत नाही. वेंटवर्थचंही बघा की. तो हेझलनटचं फळ हातात घेऊन अ‍ॅनच्या धाकट्या बहिणीच्या नणंदेला, लुइझाला, भाषण देतो: हे बघ, हे टणक आहे, म्हणून टिकलं, बाकीची गळून पायदळी गेली. माणसाने असं ठाम असावं. कुंपणापलीकडे अ‍ॅन बसून ऐकतेय. टोमणा तिलाच, हे तिला कळतं.

मग तीच ठाम लुइझा लाइमच्या धक्क्यावर 'मी उडी मारणारच' म्हणते. तो नको म्हणतो, ती ऐकत नाही, आणि डोक्यावर आपटते. तेव्हा साहेबांना उमगतं की ठामपणा आणि हट्ट यात फरक असतो. सगळे किंचाळतायत, आणि डॉक्टरला कोण बोलावणार हे शांतपणे सांगते ती अ‍ॅन. तिला डोकं आहे हे मान्य. मग एकोणिसाव्या वर्षी ते कुणाच्या ताब्यात दिलं होतं?

कोथिंबीर

लाइम रीजिसला मी तीन वर्षांपूर्वी गेले होते, इथे रेडिंगला राहते म्हणून. तो धक्का, कॉब, वरून समुद्राकडे चांगलाच तिरका आहे. पावसात चालताना जीव मुठीत. जिन्यांपैकी एकाला 'ग्रॅनीज टीथ' म्हणतात, भिंतीतून दगड दातांसारखे बाहेर आलेत. माझ्या नवऱ्याला खाली उभं करून म्हटलं, झेल हं. तो म्हणाला, आपला विमा बघून घेतो आधी.

जेन स्वतः १८०३ आणि १८०४मध्ये तिथे येऊन गेली होती. लाइमचं वर्णन करताना ती अगदी हरखलेली वाटते. बाथबद्दल मात्र पानोपानी नाराजी. बाथमध्ये ती काही वर्षं राहिली आणि तिला ते फारसं मानवलं नाही.

डोंबिवलीकर

लेखिकेचं स्वतःचं लग्न झालं होतं का? एवढं सगळं कळतंय म्हणून विचारतो.

कोथिंबीर

नाही. डिसेंबर १८०२मध्ये हॅरिस बिग-विदर नावाच्या सधन घरातल्या मुलाने मागणी घातली. संध्याकाळी हो म्हणाली, सकाळी नाही. त्याआधी विशीत टॉम लेफ्रॉय होता. दोघांकडेही पैसा नव्हता, त्याच्या घरच्यांनी त्याला तिथून काढून नेलं.

आणि तिची बहीण कॅसान्ड्रा. तिचा होणारा नवरा, टॉम फाउल, लग्नापुरती ऐपत यावी म्हणून जहाजावर पाद्री होऊन वेस्ट इंडीजला गेला आणि १७९७मध्ये पिवळ्या तापाने तिकडेच वारला. ती पुढे आयुष्यभर एकटी राहिली. काकांचा मुद्दा इथे लागू होतो बघा. थांबणं काय असतं हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

खलाशीकाका

म्हणूनच पुस्तकात वेंटवर्थचा नौदलातला मित्र बेनविक आहे! त्याची वाग्दत्त वधू फॅनी त्याच्यासाठी थांबली. त्याला पैसा मिळाला, बढती मिळाली, आणि तो समुद्रावर असतानाच ती गेली. अ‍ॅनच्या गोष्टीची दुसरी शक्यता बाईंनी शेजारच्या खोलीतच बसवून ठेवलीये.

गुळांबा

आणि तोच बेनविक वर्षाच्या आत लुइझाशी लग्न ठरवतो, हेही सांगा काका. 🙂 त्यावरूनच शेवटचा वाद होतो ना, पुरुष लवकर विसरतात की बायका. फॅनीचा भाऊ हार्व्हिल म्हणतो, सगळी पुस्तकं माझ्या बाजूने आहेत. अ‍ॅन म्हणते, पुस्तकांचे दाखले नकोत, लेखणी पुरुषांच्याच हातात होती. आणि हे बोलणं चालू असताना मागे टेबलाशी वेंटवर्थ पत्र लिहीत बसलाय. त्याच्या हातून लेखणी पडते. काय जागा आहे!

गंमत म्हणजे हे आधी नव्हतंच. जुलै १८१६मध्ये पुस्तक पूर्ण झालं तेव्हा शेवट वेगळा होता. अ‍ॅडमिरल वेंटवर्थला गळ घालतो की बाबा, तिचं त्या घराचा वारस असलेल्या चुलतभावाशी ठरलंय का ते विचार, म्हणजे आम्हाला घर सोडायचं की नाही ते कळेल. आणि दोघं एका खोलीत समोरासमोर. बाईंना ते रुचलं नाही. त्यांनी तो भाग काढला आणि पत्राचं प्रकरण नव्याने लिहिलं. काढलेली पानं ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

उनाड पाखरू

ते पत्र मराठीत करून बघूया का? 'तुम्ही माझं काळीज चिरत आहात. मी अर्धा वेदना, अर्धा आशा आहे.'

शब्दवेडी

'तुम्ही'?? आठ वर्षं झुरणारा माणूस 'तुम्ही' म्हणेल? 'काळजाला घर पाडलंस. अर्धा जीव यातनेत आहे, अर्धा आशेवर.'

खलाशीकाका

तो काळ बघा. १८१५च्या सुमारास आपल्याकडे नवरासुद्धा बायकोला सहसा पत्र लिहायचा नाही, तू की तुम्ही हा प्रश्न फारसा यायचाच नाही.

शब्दवेडी

मला वाटतं पत्र 'तुम्ही'ने सुरू व्हावं आणि कुठेतरी मध्येच, त्याच्याही नकळत, 'तू' यावं. इंग्रजीला ही सोय नाही. आपल्याकडे आहे तर वापरा. 'एक शब्द, एक नजर पुरे. आज संध्याकाळी तुझ्या वडिलांच्या घरात यायचं, की कधीच नाही, ते त्यावर ठरेल.' इथे 'तुझ्या'.

रेवा

हो. इथेच.

वऱ्हाडी ठेचा

नेटफ्लिक्सवाला २०२२चा सिनेमा पाह्यला का कोणी? त्यात अ‍ॅन कॅमेऱ्याकडे पाहून डोळे मिचकावते. म्या अर्ध्यात बंद केला.

कोथिंबीर

त्याचं नाव काढू नका. आठ वर्षं जी बाई कुणाला काही सांगत नाही, ती आपल्याला सगळं सांगत सुटते? १९९५चा बघा, अमांडा रूट आणि किअरन हाइंड्सचा. त्यात अ‍ॅन सुरुवातीला खरंच अशी दिसते की खोलीत कुणाचं लक्ष जाऊ नये.

गुळांबा

मूळ प्रश्नावर येते. मला हे लिहायला दोन दिवस लागले.

आई गेल्यावर चार वर्षांनी बाबांनी सांगितलं, त्यांना लग्न करायचंय. बाबा एकसष्टचे. काकू त्यांच्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळातल्या. तेव्हा जातीवरून जमलं नव्हतं, मग दोघांचे संसार झाले, काकूंचे यजमानही वारले. मी अडून बसले. मोठ्याने नाही. "बाबा, थोडं थांबा, लोक काय म्हणतील, नातवंडांना काय सांगायचं, दिवाळीनंतर बघू." दिवाळीनंतर उन्हाळा, उन्हाळ्यानंतर दादाची बदली. बाबा दर वेळी "बरं" म्हणायचे. दोन वर्षं. मग एक दिवस त्यांनी विचारलंच नाही, रजिस्टर करून आले आणि फोन केला.

पाच वर्षं झाली. घरात रेडिओ पुन्हा लागतो. काकू बाबांच्या गोळ्यांवर मार्करने वार लिहून ठेवतात.

वेंटवर्थ शेवटी कबूल करतो ना, की १८०८ सालीच चार पैसे हाताशी आले होते, जहाज मिळालं होतं, तेव्हाच पत्र टाकलं असतं तर? अ‍ॅन म्हणते, हो म्हणाले असते. तो म्हणतो, मी अभिमानात राहिलो, सहा वर्षं वाया घालवली. सगळे लेडी रसेलला धरतात. पण तिच्यामुळे गेलेली वर्षं दोन, उरलेली सहा त्याच्या अहंकारात गेली. हा हिशोब मी बाबांच्या बाबतीत मांडून बघितला. तिथे अहंकार कुणाचाच नव्हता. ती दोन्ही वर्षं माझ्याच खात्यावर आहेत.

आणि बाबांना विचारलं तर ते अ‍ॅनसारखंच म्हणतील, मला माहितेय. "तू म्हणालीस म्हणून थांबलो, बरोबरच होतं ते." म्हणून मला ते वाक्य वाचवत नाही.

मोगरा७१

गुळांबा, काय बोलू.

तुझं वाचून एक गोष्ट लक्षात आली. मी इतके दिवस ते वाक्य अ‍ॅनने स्वतःसाठी म्हटलंय असं धरून चालले होते. ते लेडी रसेलसाठी आहे. वेंटवर्थला त्या बाईचा अजून राग आहे, आणि अ‍ॅनला ती हवी आहे. पुढे जन्मभर जेवायला येणार आहे ती. अ‍ॅन तिच्यासाठी जागा करतेय. तुझे बाबा तुझ्यासाठी करतात तशी.

लेकीला मी काय सांगितलं असतं ते मात्र अजूनही ठरत नाहीये. काल तिला सहज विचारलं, अशी मी मध्ये आले तर ऐकशील का गं? ती म्हणाली, "कोण आहे असं विचारतेयस का?" आणि मोबाइल घेऊन आत गेली.

शब्दवेडी

कोण आहे??

मोगरा७१

सांगत नाहीये ना!

खलाशीकाका

नौदलात असेल तर आधी कळवा, चौकशी करतो.

शब्दवेडी

मोगरा, 'जागा करतेय' हे पटलं. 'भिडेखातर' मागे घेते. आता नाव सुचत नाहीये. 'मनधरणी' म्हटलं तर रुसलेल्या बायकोची लावणी वाटते.

डोंबिवलीकर

बरं, कबुली. धागा वाचून पुस्तक उतरवून घेतलं मोबाइलवर. आठ पंचवीसच्या लोकलमध्ये रोज थोडं थोडं. टोप्या कमी आहेत, मान्य. ती धाकटी बहीण मेरी, जी सहलीला जायचं असलं की बरी होते आणि घरी थांबायचं असलं की आजारी पडते, तिला मी व्यक्तिशः ओळखतो, नाव सांगत नाही, बायकोही इथे सदस्य आहे.

आत्ता त्या पोराने अ‍ॅनच्या पाठीवर चढून गळा धरलाय, आणि वेंटवर्थने न बोलता येऊन त्याला उचललं. एक शब्द नाही. आभारही नीट मानू दिले नाहीत. पुढच्या स्टेशनला उतरायचं होतं, राहिलं. हा माणूस अजून किती पानं गप्प बसणार आहे?

गुळांबा

अजून बरीच. थांबा.